मोटार बंद कधी करायची?

आमच्याकडं विजेला वीज कोणी म्हणत नाही, लाईट म्हणतात. लाईट आली, लाईट गेली, लाईटीचा पत्ता नाही. मुखेड तालुक्यातल्या कोणत्याही गावात पारावर दोन शेतकरी भेटले की पाऊसपाण्याच्या आधी एकमेकाला विचारणार, 'तुमच्याकडं लाईट हाय का?' गेल्या काही वर्षांत शिवारात जागोजागी निळ्या प्लेटा उभ्या राहिल्या आणि हा प्रश्न थोडा मागं पडला. त्याच्या जागी दुसरा एक प्रश्न आलाय, पण तो कोणी मोठ्यानं विचारत नाही. मोटार चालू कधी करायची हे आपल्याला लाईट सांगत होती. बंद कधी करायची हेही तीच सांगत होती. आता सांगणारं कोणी नाही. मग मोटार बंद कधी करायची, आणि ते कोणी ठरवायचं?

मी दहावी शिकलेला माणूस. धर्म, नीती, तत्त्वज्ञान यावरची मोठी पुस्तकं माझ्या हाताला लागली नाहीत. पण शेतात उभं राहिलं की काही गोष्टी डोक्यात घोळत राहतात. ही त्यातलीच एक.

माझ्या लहानपणी विहिरीवर मोट होती. बाप मोट हाणायचा, मी दारं धरायचो. दिवस उगवायच्या आधी मोट जुंपायची, उन्हं चढली की सोडायची. का सोडायची? तर बैल दमायचे. धावेवर मागं-पुढं करून बैलाच्या तोंडाला फेस आला की बाप नाडा सोडायचा. 'जनावराचा जीव हाय बाबा,' म्हणायचा. त्याला बैलाची काळजी होती, विहिरीची नव्हती. पण बैल दावणीला विसावला की तिकडं विहीर पण विसावा घ्यायची. रात्रभर झरे चालू राहायचे आणि सकाळी पाणी पुन्हा आपल्या जागी आलेलं असायचं. आमची ती विहीर सात परसाची. ती आटलेली बापानं कधी पाहिली नव्हती.

पुढं डिझेलचं इंजन आलं. त्याला दमणं माहीत नव्हतं, पण डिझेलला पैसा लागायचा. डबा संपला की इंजन बंद. मग लाईट आली. बिल तर वर्षानुवर्षं थकलेलंच, आता साडेसात एचपीपर्यंतच्या मोटारीला सरकारनं २०२४ पासून पाच वर्षं बिल माफ केलंय, म्हणजे पैशाचा लगाम सुटला. पण लाईट दिवसाचे चोवीस तास कधीच नव्हती. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, ती पण मोजून तासांची. आता सोलर आलं. त्याला ना बैलासारखं दमणं, ना डिझेलसारखा खर्च, ना वेळापत्रक. नाही म्हणायला मावळतीला ते आपोआप थांबतं, तेवढंच.

म्हणजे बघा, प्रत्येक वेळी माणसाला थांबवणारं काहीतरी माणसाच्या बाहेर होतं. बैलाचा दम, डिझेलचा डबा, लाईटीचं वेळापत्रक. आमचे म्हातारे म्हणतात, पूर्वीची माणसं जपून पाणी वापरायची, आताची पोरं हावरी झाली. मला हे पुरतं पटत नाही. ज्याच्या हातात मोट होती त्यानं मोटेपुरतं पाणी काढलं. त्याच्या हातात पाच एचपीची मोटार असती तर त्यानं काय केलं असतं, हे कोणी पाहिलंय? जे मिळतच नव्हतं ते सोडलं, त्याला संयम कसं म्हणायचं? उपास त्याचा, ज्याच्या घरात भाकरी आहे. ज्याच्या घरात दाणाच नाही त्याच्या उपाशी झोपण्याला आपण उपास म्हणत नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मी सोलरच्या विरोधातला नाही. रात्रीच्या पाण्याचं कौतुक ज्यानं कधी रात्री दारं धरली नाहीत त्यानं करावं. पौष महिन्याची थंडी, पाय चिखलात, हातात बॅटरी, हरभऱ्यात रानडुक्कर शिरलेलं, पाटाच्या कडंला सळसळलं की काळजात धस्स होणार. साप चावून, नाहीतर ओल्या हातानं स्टार्टरला झटका बसून किती घरं उघडी पडली, ते ज्याच्या त्याच्या गावाला माहीत आहे. आमच्या घरची मी परत येईपर्यंत दाराला कडी लावत नव्हती. या रात्री सोलरनं संपवल्या. शेतकऱ्याला उजेडात पाणी देता यावं, ही काही चैन नाही.

आमच्या ओढ्याकाठच्या रानात लाईटीचं कनेक्शन कधी आलंच नाही. तिथली अडीच एकर जमीन मुलाच्या नावावर आहे. सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत त्यानं अर्ज केला. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच एचपी आणि त्याच्या वर साडेसात एचपी असा तो हिशोब. आपण किमतीच्या दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यानं पाच टक्के. प्लेटा दक्षिणेकडं तोंड करून बसवल्या. पहिल्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला पाणी पाइपातून बाहेर पडलं, तेव्हा ना इंजनाचा आवाज, ना धूर. मुलाची आई म्हणाली, 'देवानंच मोटार लावली म्हणायची.'

बसवायला आलेल्या पोरानं कंट्रोलरचा डबा समजावून सांगितला. उन्हातून येणारी वीज कमी-जास्त होते, तशी हा डबा मोटारीची गती कमी-जास्त करतो. ढग आला की मोटार हळू, ढग गेला की पुन्हा जोरात. विहिरीतलं पाणी संपलं तर मोटार कोरडी फिरते आणि जळते. म्हणून कंट्रोलर ते ओळखतो आणि मोटार बंद करतो. थोड्या वेळानं पुन्हा चालू करून बघतो. पाणी साचलेलं असलं की ओढतो, नसलं की पुन्हा बंद. आपण घरी जेवत असलो तरी त्याचं काम चालूच.

घरावर पण आम्ही दोन प्लेटा टाकल्या आहेत. त्यावर दिवे, पंखा आणि टाकीत पाणी चढवायची लहान मोटार चालते. त्या टाकीत एक फ्लोट आहे, चेंडूसारखा. टाकी भरत आली की चेंडू वर येतो आणि मोटार बंद होते. सून म्हणाली, 'मामा, आता टाकी वाहून जायची भीती नाही.'

मग माझ्या मनात आलं, घरच्या मोटारीचं आणि शेतातल्या मोटारीचं बटण एकसारखं नाही. घरचा चेंडू 'भरलं' म्हणून थांबतो. शेतातला डबा 'संपलं' म्हणून थांबतो. टाकीला काठ आहे, म्हणून पुरे कधी हे कळतं. शेताला आणि मनाला काठ नाही. हरभऱ्याला दोन पाणी दिले, तिसरं देऊ का? गहू घेऊ का? उन्हाळी भुईमूग घेऊ का? मोटार चालूच आहे तर थोडा ऊस लावू का? आणि तो डबा राखतो कोणाला? मोटारीला राखतो. विहिरीला राखणारं बटण त्या डब्यात नाही. उलट, दिवसभर विहीर तळाला ठेवायची सोय त्यानं करून दिली. झरा वाटीभर पाणी आणतो, मोटार ते उचलते. विहिरीला मोटेच्या काळातला विसावा राहिला नाही.

अशी बटणं आम्ही पूर्वी पण पाहिली आहेत. लाईटीच्या मोटारीला 'ऑटो' नावाचा डबा असतो. लाईट आली की मोटार आपोआप चालू. लाईट रात्री दोनला येणार, तर कोण जागत बसणार? म्हणून एकानं ऑटो बसवला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. एकेकाचं बघितलं तर प्रत्येकाचं बरोबरच होतं. पण एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी लाईट आल्याबरोबर एकाच क्षणाला उठायच्या. चालू होताना मोटार नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट ओढते. तो एकदम आलेला भार डीपीला पेलायचा नाही. डीपी जळायची. मग पंधरा-पंधरा दिवस कोणाच्याच शेताला पाणी नाही. वर्गणी करायची, टेम्पो बघायचा, जळकी डीपी उतरवायची, दुसरी चढवायची. त्या काळात ज्यांचं एकमेकाशी बोलणं नव्हतं ते पण डीपीखाली एकत्र उभे राहायचे. भांडायचे, पण उभे राहायचे. शेवटी ठरायचं, ऑटो काढा, पाळी लावा. काही दिवस पाळायचे, काही दिवस मोडायचे, पण बोलणं व्हायचं.

सोलरनं डीपी सुटली. माझ्या प्लेटा, माझं ऊन, माझी मोटार. कोणाला विचारायचं नाही, कोणाची वर्गणी नाही. हे सुख मोठं आहे. पण जमिनीच्या वर आम्ही सुटे झालो आणि जमिनीच्या खाली एकमेकाला बांधलेलेच राहिलो. आमच्या भागात वर माती, मग मुरूम, मग मऊ खडक आणि खाली काळा पाषाण. पाषाणात पाणी कुठं तळ्यासारखं साठून राहत नाही. ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत असतं. माझ्या बांधाखालून जाणारी भेग शेजाऱ्याच्या विहिरीत उघडते. सातबारा वरच्या मातीचा आहे. त्या भेगेचा सातबारा कोणाच्याच नावावर नाही. जमिनीखालचं पाणी ही पण एक डीपीच आहे. फरक इतकाच की विजेची डीपी जळली की सगळे एकदम अंधारात जातात, म्हणून सगळे एकदम जागे होतात. खालचं पाणी आटताना आधी ज्याची विहीर उथळ त्याचीच आटते. बाकीचे म्हणतात, तिचं नशीब.

ओढ्याच्या खालच्या अंगाला भावकीतल्या एका काकूची विहीर आहे. पाच परसाची, जुनी, दगडानं बांधलेली. काका वारून बरीच वर्षं झाली. दीड एकर रान, चार शेळ्या, एक म्हैस. दिवाळीनंतर थोडा भाजीपाला करून ती मुखेडच्या बाजारात विकायची. पूर्वी होळीपर्यंत तिला पाणी पुरायचं. वरच्या अंगाला एका पुतण्यानं पाच एचपीचं सोलर बसवलं, आमचं तीन एचपीचं बसलं, आणखी दोघांचं बसलं. दुसऱ्या वर्षी संक्रांत झाली आणि तिच्या विहिरीचा तळ दिसला. ती भांडायला आली नाही. बांधावर बसून म्हणाली, 'बाबा, तुमचं चांगलं झालं, मला त्याचं वाईट न्हाई वाटत. पर म्हशीपुरतं पाणी तरी ऱ्हावं.'

मी पुतण्याशी बोललो. तो शिकलेला पोरगा, बोलायला सरळ.

'काका, मी कुणाची चोरी करायलाव का? माझ्या विहिरीतलं पाणी हाय.'

'चोरी कोण म्हणतंय? पण दिवसभर मोटार कशाला?'

'ऊन हाय तोवर चालणार की. मी बंद ठेवली म्हणून पाणी थोडंच ऱ्हाणार हाय? वरचा बोरवाला ओढून घेईल. आन् खरं सांगू का? चाळीस वर्षं ज्यांनी उसाला पाणी पाजलं त्यांना कुणी इचारलं न्हाई. आत्ता कुठं आमच्या हाताला पाणी लागलं, तर लगेच आम्हाला पुरे म्हणायलाव.'

त्याच्या बोलण्यात दम होता. गरिबाच्या ताटात वाढलं की लगेच 'जपून खा' म्हणणारे पुष्कळ असतात. कायदा पण त्याच्याच बाजूचा. इंग्रजांच्या काळातला १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे, त्यात ज्याची जमीन त्याला खालचं मुरलेलं पाणी घ्यायचा हक्क दिलेला आहे. तो कायदा झाला तेव्हा माणसाच्या हातात मोट होती. पुढं महाराष्ट्रानं २००९ चा भूजल कायदा केला. त्यात साठ मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहीर किंवा बोर शेतीसाठी घ्यायला मनाई आहे. आता तुम्हीच आपापल्या शिवारात फिरा आणि बोरवाल्याला विचारा, किती फूट मारलं? कायदा कागदावर आणि गाडीचा दांडा पाषाणात.

मग काकूचा हक्क कोणता? कागदावर तिचा पण तितकाच हक्क आहे, तिच्या जमिनीखाली जे असेल ते तिचं. पण ते आम्ही वरच्या वर ओढून घेतल्यावर तिच्या हक्काला ओल कुठून येणार? मला वाटतं, इथं कायदा संपतो आणि शेजार सुरू होतो. माझं पाणी किती, याचं उत्तर माझ्या विहिरीत वाकून मिळत नाही. त्यासाठी खालच्या विहिरीत वाकावं लागतं.

हे काही मी नवीन सांगत नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी दहा-अकरा वर्षांचा होतो. आईबाप खडी फोडायला जायचे, आम्हा पोरांना सुकडी मिळायची. त्याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे नावाच्या इंजिनिअर माणसानं पाणी पंचायत सुरू केली. त्यांचा नियम असा की पाणी जमिनीच्या एकरावर वाटायचं नाही, माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर, एका घराला जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतकं. ज्याला जमीन नाही त्याचा पण पाण्यात वाटा. आणि ऊस लावायचा नाही. नगर जिल्ह्यात पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारनं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायचा रिवाज घातला. पाऊस किती झाला, माणसाला आणि जनावराला किती लागतं, उरलं त्यात कोणतं पीक बसतं. शेतीसाठी बोर घ्यायचा नाही, हे पण गावानंच ठरवलं. म्हणजे 'पुरे' हा शब्द तिथं कंट्रोलरनं सांगितला नाही, माणसांनी बसून ठरवला.

म्हातारे सांगतात, बहात्तरला दाणा नव्हता पण आडाला पाणी होतं. २०१६ ला उलटं झालं. दुकानात दाणा होता आणि पाणी नव्हतं. शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीनं दहा डब्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी आणलं, सगळ्या देशानं ते टीव्हीवर पाहिलं. मी एकदा वहीत हिशोब मांडला. एका एकरावर एक इंच पाणी उभं करायचं तर लाखभर लिटर लागतं. म्हणजे ती अख्खी रेल्वे पाच एकराला एक इंच भिजवून रिकामी झाली असती. शहरासाठी ज्याला देशभर गाजावाजा झाला, तेवढं पाणी आम्ही शेतकरी सहज पाटानं सोडून देतो. यात कोणाला हिणवायचं नाही. पिकाला पाणी लागतंच, आणि पिकावरच शहर जेवतं. पण आपल्या हातातलं बटण किती मोठं आहे हे माहीत असावं.

गेल्या येळवशीला आम्ही ओढ्याकाठचे सहाजण रानात जमलो. आंबील, भज्जी झाली. जेवण झाल्यावर मी एक दोर काढला, हातभर अंतरावर गाठी मारलेला, खाली दगड बांधलेला. म्हटलं, सगळ्यांच्या विहिरी मोजू. पोरांना गंमत वाटली, तीच पुढं पळाली. सहा विहिरींचं पाणी वहीत लिहिलं, सातवी काकूची. लिहिलेलं समोर आलं की माणूस नुसत्या अंदाजावर भांडत नाही. बोलणं झालं, आवाज चढले. शेवटी इतकं ठरलं की काकूच्या विहिरीत आठ गाठी पाणी आहे तोवर ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं मोटार चालवावी. त्याच्या खाली गेलं की आम्ही एक दिवसाआड चालवायची, आणि उन्हाळी पीक कोणी घ्यायचं नाही. चौघं हो म्हणाले. एकजण 'बघू' म्हणाला. पुतण्या काहीच बोलला नाही, पण वही त्यानं मागून घेतली आणि आकडे पुन्हा वाचले. वरचा बोरवाला बैठकीला आलाच नव्हता.

हे टिकंल का? सांगता येत नाही. डीपीच्या पाळ्या मोडल्या तशी ही पण मोडू शकते. तेव्हा निदान जळकी डीपी डोळ्यांपुढं असायची, सगळ्यांना एका जागी आणायची. आता कोणी आपल्याला एकत्र आणणार नाही. आपणच ठरवून यावं लागणार. गरज म्हणून एकत्र येणं सोपं, गरज नसताना शेजाऱ्याच्या विहिरीत वाकून बघणं अवघड. पण मला वाटतं, संयम म्हणायचं तर त्यालाच म्हणावं. बैलामुळं थांबलो, लाईटीमुळं थांबलो, त्यात आपलं काही नव्हतं. डोक्यावर लख्ख ऊन आहे, विहिरीत पाणी आहे, बटण आपल्या हातात आहे, आणि तरी खालच्या विहिरीतल्या म्हशीपुरत्या पाण्यासाठी आपण बटण दाबलं, हे मात्र आपलं.

सध्या माघ चालू आहे. काल दोर सोडला तर काकूच्या विहिरीत नऊ गाठी भरल्या. मुलगा म्हणाला, 'अजून एक गाठ हाय.' मी म्हटलं, 'हाय की. पण मोजायला उद्या पण येऊ.'